लांबीसरांनी एकदाच ठेवलेला विश्वास

लांबीसर चहा ओतण्याआधी कपात डोकावून बघायचे. मग किटलीचं झाकण उचलून आत बघायचे, आणि पुन्हा एकदा कपात. एवढं झाल्यावर कप पाऊण भरायचा आणि थांबायचं. पाहुण्याला वाटे, म्हातारा चिकट आहे. तसं नव्हतं. पाऊण कप संपला की ते दुसऱ्यांदा तेवढाच देत, तिसऱ्यांदाही देत. काठापर्यंत मात्र त्यांनी कधी काही भरलं नाही.

उंची जेमतेम पाच फूट. त्यामुळे ‘लांबीसर’ हे नाव ऐकून नव्या माणसाला ती थट्टा वाटायची. नाव पडलं होतं त्यांच्या एका प्रश्नावरून. शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाताना रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही शेतातल्या मोटारींसाठी मोबाईलवर चालणारे स्टार्टर बनवायचो. शेतकरी त्याला नुसतं ‘डबा’ म्हणतात. सर त्या डब्यातला प्रोग्रॅम सी भाषेत लिहीत. कोणी त्यांच्यापुढे नवीन काम ठेवलं की चष्मा कपाळावर ढकलून ते विचारत, “लांबी कितली शे?” म्हणजे, लांबी किती आहे?

ते धानोऱ्याचे. पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. समजावून सांगताना ते पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलत. अहिराणीत, म्हणजे इकडच्या खानदेशी बोलीत शिरले, की काहीतरी खटकलंय असं आम्ही समजायचो.

मी नवापूरकडच्या डोंगरातली. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी, इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आलेली. पहिल्या दिवशी सरांनी मला एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चौकटी काढून दाखवल्या.

“आपला डबा दर दोन मिनिटांनी सर्व्हरला एक प्रश्न विचारतो. अमुक गाव, तमुक नंबरची मोटार, अमुक शेतकरी, काही हुकूम आहे का? या प्रश्नाला क्वेरी म्हणायचं. तो पाठवण्याआधी कुठेतरी लिहून काढावा लागतो. त्यासाठी मेमरीत सलग जागा राखायची, तो बफर. एका चौकटीत एक अक्षर. आता चौकटी दहा आणि अक्षरं बारा असतील तर काय होईल?”

“शेवटची दोन गळतील,” मी म्हणाले.

“गळली असती तर मी सुखाने झोपलो असतो. सी भाषा अडवत नाही. ती म्हणते, लिहा. उरलेली दोन अक्षरं शेजारच्या चौकटीत जातात. तिथे काय ठेवलेलं आहे, ते कोणी विचारत नाही.” मग त्यांनी त्या पुठ्ठ्यावर अकराव्या चौकटीत ‘मोटार बंद’ असं लिहिलं आणि माझ्याकडे बघत बसले. मी मान डोलावली. मान डोलावण्यावरही त्यांचा विश्वास नसावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच पुठ्ठा उलटवून कोरी बाजू मला देऊन सगळं माझ्याकडून वदवून घेतलं.

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक यादी चिकटवली होती. सी भाषेतली, लांबी न विचारता मजकुराची नक्कल करणारी, मजकूर जोडणारी जी जी फंक्शनं, म्हणजे तयार आज्ञा, आहेत, ती या शेडमध्ये वापरायची नाहीत. आमच्यातल्या एकाने घाईत एकदा त्यातलं एक वापरलं, तर सरांनी ओरडाआरडा केला नाही. छापील कागदावर त्या ओळीभोवती पेन्सिलने गोल काढला आणि तो कागद त्याच्या डब्याखाली, जेवणाच्या डब्याखाली, ठेवून दिला. एवढ्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. प्रत्येक बफर संपतो तिथे, लगेच पुढच्या चार चौकटींत ते एक ठरलेली खूण लिहून ठेवत. ती खूण पुसली गेली, की कोणीतरी हद्द ओलांडली असं समजायचं आणि डबा सगळं थांबवायचा. त्या चौकटींना ते पहारेकरी म्हणत.

चाचणी पास झाली असं सांगितलं, तर ते म्हणत, “पास झालं हे उत्तर झालं. प्रश्न काय विचारला होतास ते सांग.” इंटरनेटवरून उचललेली ओळ त्यांना वासाने कळायची. “हाई कोनी लिखं?” असं विचारत, आणि मीच लिहिलं असं म्हटलं, तर ओळीतला एकेक शब्द तिथे का आहे ते सांगायला लावत. सुरुवातीला मी घरी जाऊन रडले आहे. हा माणूस आपल्याला चोर समजतो, असंच वाटायचं. एकदा धीर करून तोंडावर बोलले. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, “मी संशय माझ्यावर घेतो, सुनंदा. तुम्ही लोक वाटेत उभे असता म्हणून तुम्हाला लागतो.”

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ते दरवर्षी जायचे. एका वर्षी आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. घोडा घ्यायचा नव्हताच. एखादा व्यापारी घोड्याचं वय सांगायचा, तर सर दात बघायचे, मग खूर बघायचे, मग पायाशी बसून सांध्यांवर हात फिरवायचे. अर्ध्या तासाने व्यापारी वैतागून म्हणाला, “लेवाना शे का नही, बाबा?” सर उठून धूळ झटकत म्हणाले, “घोडा चांगला आहे. वय तुम्हाला माहीत नाही एवढंच.” आम्ही हसलो. तो व्यापारीही हसला, पण सर पुढच्या घोड्याकडे गेले होते.

अशा माणसाने आयुष्यात एकदा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याची ही गोष्ट आहे.

शेतकऱ्यांची बऱ्याच दिवसांची मागणी होती, की मोबाईलमध्ये नाव मराठीत दिसावं. आमच्या शेठनी ते काम माझ्यावर सोपवलं. मला आनंद झाला. आपलं नाव आपल्या अक्षरात दिसावं असं कोणाला वाटत नाही? पण मराठी अक्षर इंग्रजीसारखं एका चौकटीत मावत नाही. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. प्रत्येकाला तीन चौकटी लागतात. क्वेरीत घालताना त्या प्रत्येक चौकटीच्या पुन्हा तीन होतात, म्हणजे नऊ. सरांनी हे ऐकलं आणि पुठ्ठा ओढला.

“म्हणजे धानोरा?”

“चोपन्न, सर.”

“इंग्रजीत सात. मन्हं गाव चोपन्न जागा खास?” आपलं गाव एवढी जागा खातं याची त्यांना मौज वाटली, पण लगेच कपाळाला आठी पडली. बफर त्यांनी चारशे चौकटींचा केला. शिवाय क्वेरीचे तुकडे एकामागे एक लावणारं जोडणीचं फंक्शन तपासलं. ते त्यांनी स्वतःच फार पूर्वी लिहिलेलं होतं. त्यात ‘मोजून लिहिणारं’ फंक्शन वापरलं होतं, म्हणजे जागा किती उरली आहे हे त्याला आधी सांगायचं, आणि मजकूर जास्त झाला तर ते जागेपुरताच लिहून बाकीचा कापून टाकतं. सगळ्या सी भाषेत सरांचा भरवसा असा त्याच्या एकट्यावर होता.

माझं काम झालं त्या दिवशी शुक्रवार होता. मी दोन दिवसांसाठी गावी निघाले होते. नवापूरची एसटी चुकली असती, तर रात्र स्टँडवर काढावी लागली असती. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“भलंमोठं नाव घालून बघितलंस?”

“हो सर. चारशेच्या पुढे गेलं, बरोबर कापलं.”

“आणि व्होल्टेज कमी असताना?”

व्होल्टेज कमी असलं की आमचा डबा क्वेरीच्या शेवटी एक छोटीशी टीप जोडायचा, की इथे वीज कमी दाबाने येते आहे. दहा अक्षरांची टीप. मोठं नाव आणि ती टीप, दोन्ही एकदम घालून मी बघितलं नव्हतं. व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र कपाटातून काढायचं, जोडायचं, यात तासभर गेला असता. आणि दहा अक्षरांनी काय होणार होतं?

“हो, केलंय,” मी म्हणाले.

सर थोडा वेळ उभे राहिले. नेहमी ते चाचणीच्या नोंदीचा कागद मागत. त्या दिवशी नाही मागितला. म्हणाले, “जा, गाडी जाईल तुझी.”

पुढे साधारण चार महिने गेले. तापीकाठच्या एका गावात चुनीलालभाऊ आणि हिरालालभाऊ असे दोन सख्खे भाऊ होते. गुजर कुटुंब, केळी आणि ऊस. मळ्यांची वाटणी झालेली, पण विहीर सामाईक. मोटारीवर आमचा डबा, आणि तो चालू-बंद करायची परवानगी दोघांच्याही मोबाईलवर. एका सकाळी चुनीलालभाऊंचा सालदार रामसिंग मोटार आणि पंप यांच्यामधल्या कपलिंगचे बोल्ट आवळत होता. मोटार बंद होती. तो वाकलेला असताना ती अचानक सुरू झाली. रामसिंगच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

रामसिंग पावरा, धडगावकडचा. बायको-पोरांना घेऊन वर्षभराच्या बोलीवर मळ्यात राहत होता. त्याला नंदुरबारला दवाखान्यात नेलं, आणि इकडे गावात एकच प्रश्न सुरू झाला, मोटार कोणी चालू केली?

चुनीलालभाऊंना उत्तर ठाऊक होतं. आठवड्यापूर्वीच पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत भांडण झालेलं. “भाऊच मन्हा जीववर उठना,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. हिरालालभाऊंचा मोबाईल जमा झाला. ते रोज सकाळी चौकीत जाऊन बसत, संध्याकाळी घरी येत. दोन घरांच्या बायका एकाच ओट्यावर पापड वाळवायच्या, त्या एकमेकींना पाठ करून बसू लागल्या.

शेठनी सरांना आणि मला गावात पाठवलं. डब्यात दोष नाही एवढं सांगून या, असं स्पष्ट सांगून. हिरालालभाऊ दारातच भेटले. चांगला दांडगा माणूस, पण डोळे खोल गेलेले. सरांचा हात धरून म्हणाले, “सर, मी बटन दाबेल नही. मन्हा पोरनी शपथ. तुम्ही तरी सांगा.”

सरांनी हात सोडवून घेतला नाही आणि आश्वासनही दिलं नाही. “मला अजून माहीत नाही,” एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर गाडीत ते बोलू लागले. सर्व्हरवर त्या वेळची नोंद त्यांनी बघितली होती. कोणाच्याच मोबाईलवरून हुकूम गेलेला नव्हता.

“मग हिरालालभाऊ सुटले,” मी म्हणाले.

“शेठ म्हणतील, त्याने विहिरीवर जाऊन हाताने बटण दाबलं. चुनीलाल म्हणेल, आपण नोंद पुसली. दोघांचंही खोटं कशावरून?” मग खिडकीबाहेर बघत एकदम अहिराणीत, “शेवटे डब्बामा काय बदलं तू?”

मला ते झोंबलं. “सर, तुम्हाला वाटतं माझ्यामुळे झालं?”

“मी विचारलं, बदललं काय.”

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या कामाचा प्रत्येक कागद त्यांनी टेबलावर पसरला. मी समोर बसलेली असताना माझी ओळन् ओळ पेन्सिलने तपासली. शेडमधले बाकीचे माझ्याकडे चोरून बघत. शेठ आत-बाहेर करत होते. त्यांना संशय होता, की सर म्हातारपणी उगाच स्वतःच्याच मालात खोट शोधताहेत. मला संशय होता, की सर माझ्यावर ढकलायला निमित्त शोधताहेत. आणि त्या सगळ्याखाली एक तिसरी गोष्ट मला टोचत होती. तिच्याकडे मी बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी चुनीलालभाऊंच्या डब्यातली सगळी माहिती जशीच्या तशी आमच्या टेबलावरच्या डब्यात भरली. शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चुनीलालभाऊंनी नुसतं नाव लिहिलेलं नव्हतं. ‘चुनीलाल गोविंद पाटील, तापीकाठचा वरचा मळा, केळीची जुनी विहीर’ असं हौसेने सगळं लिहिलं होतं. मराठीत लिहिता येतंय म्हटल्यावर का नाही लिहायचं? तेवढ्यानेच साडेचारशेच्या वर चौकटी होत होत्या. डब्याने ते नाव बरोबर कापलं. मोटारीऐवजी लावलेला दिवा विझलेलाच राहिला.

मग सर उठले आणि कपाटातून व्होल्टेजचं यंत्र काढून आणलं. त्यांनी मूठ सावकाश फिरवली. काटा खाली, खाली आला.

टक्.

लाल दिवा लागला. कोणीही कशाला हात लावलेला नव्हता.

शेठ दारात उभे होते. “हे काय झालं?” त्यांनी विचारलं. सरांनी बफरच्या टोकाच्या चार चौकटी संगणकावर उघडल्या. खूण शाबूत होती.

“पहारेकरी जागावर शेतस,” ते स्वतःशी म्हणाले. “हाऊ त्यासले ओलांडीसन पुढे गया.”

आता त्यांनी माझे कागद बाजूला सारले आणि स्वतःचं जोडणीचं फंक्शन काढलं. दहा-बारा ओळींचं होतं. एका ओळीवर पेन्सिल थांबली. ते ‘मोजून लिहिणारं’ फंक्शन काम झालं की एक आकडा परत देतं. सर तो आकडा आधीच्या जागेत मिळवत आणि पुढचा मजकूर तिथून लिहायला घेत. त्यांची समजूत होती, की तो आकडा म्हणजे किती अक्षरं लिहिली. खरं तर तो आकडा सांगतो, पूर्ण लिहायला किती लागली असती. नाव कापलं गेलं होतं चारशेला, पण गाव आणि मोटारीचा नंबर धरून आकडा आला होता पाचशेच्या वरचा. म्हणून पुढची टीप बफर सोडून, पहारेकरी ओलांडून, पार पलीकडे जाऊन पडली. जागा किती उरली ते काढताना बाकी शून्याच्या खाली गेली, आणि ज्या खान्यात शून्याखालचा आकडा मांडताच येत नाही, तिथे ती अब्जावधी होऊन बसली. म्हणजे भरपूर जागा आहे, खुशाल लिहा. आणि त्या नावाची लांबी अशी काही होती, की वीज कमी दाबाने आली तर टीप नेमकी मोटार चालू की बंद हे ठरवणाऱ्या चौकटीवर पडत होती. त्या सकाळी तेच झालं होतं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

“ओळ मन्ही शे,” ते म्हणाले.

शेठनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. शेडमध्ये पंधरा घरं जगत होती आणि सगळ्या जिल्ह्यात डबे लागलेले होते. ते म्हणाले, “सर, दुरुस्ती करा. उद्याच सगळ्या डब्यांत टाका. बाहेर बोलायची गरज नाही.”

“हिरालाल तीन आठवडे चौकीत बसतोय.”

“सुटेल तो. पुरावा कुठे आहे त्याच्याविरुद्ध?”

“पोलिसांतून सुटेल. भावाच्या मनातून कसा सुटेल?” सर म्हणाले. “चूक माझी आहे, शेठ. मीच लिहिली, मीच तपासली. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही.”

दुसऱ्या कोणाचा संबंध नाही, असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण नोकरी, घरी पाठवायचे पैसे, शेठचा चेहरा, हे सगळं एकदम समोर आलं आणि मी तोंड मिटलं.

सरांनी एक पानाचं पत्र लिहिलं. काय झालं, कसं झालं, कोणाच्या ओळीमुळे झालं. खाली सही. एक प्रत चौकीत दिली आणि एकेक दोन्ही भावांना. वाचून दाखवताना ते अहिराणीत बोलले, बफर-बिफर काही न म्हणता. “तुन्हा भाऊनी बटन दाबं नही. मन्हा डब्बानी दाबं.” चुनीलालभाऊ आधी भडकले, हा म्हातारा पैसे खाऊन आला, म्हणाले. मग सरांनी तो टेबलावरचा डबा तिथेच ओसरीत मांडून, यंत्राची मूठ त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः फिरवली. दिवा लागला. चुनीलालभाऊ मूठ सोडून उठले आणि चप्पल न घालता धाकट्या भावाच्या घराकडे गेले.

शेठनी पुढे सगळे डबे परत मागवून दुरुस्त केले, रामसिंगच्या दवाखान्याचंही बघितलं. पण विचारल्याशिवाय पत्र दिलं, याचा राग त्यांना गिळता आला नाही. ते जा म्हणायच्या आधी सरांनी भिंतीवरची यादी तेवढी राहू द्या म्हणून सांगितलं आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांची लेक सुरतला असते. तिकडेच जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी धानोऱ्याला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. मी कप हातात धरून बसले आणि सांगून टाकलं, त्या शुक्रवारी मी व्होल्टेजची चाचणी केली नव्हती. खोटं बोलले.

“माले माहीत शे,” सर म्हणाले.

“कधीपासून?”

“तुझे कागद बघितले त्या दुपारपासून. सगळ्या चाचण्यांची नोंद होती, तीच एक नव्हती.”

“मग शेठपुढे का नाही बोललात?”

ते विचार करून बोलले. “ती ओळ मी लिहिली नसती, तर तुझ्या खोट्याने कोणाचं काही बिघडलं नसतं. आणि मी कागद मागितला असता, तर तुला खोटं बोलता आलं नसतं. माझी बाजू मी सांगितली. तुझी तू सांगायची होतीस.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, पण सूटही नव्हती. “शेठला सांगशील की नाही, ते तू बघ. रामसिंगला भेटलीस का?”

भेटले नव्हते. त्याच्यासमोर जायची हिंमतच झाली नव्हती.

“चल,” म्हणाले. पायात चप्पल सरकवली.

रामसिंग विहिरीवरच होता. सालाची बोली अजून संपायची होती, म्हणून हात बरा होताच कामाला आला होता. उजव्या हाताला कातडी अजून गुलाबी दिसत होती. आम्ही दोघं त्याच्या समोर बांधावर बसलो. सरांनी त्यांचं सांगितलं. मग माझ्याकडे वळले. मी माझं सांगितलं. घाईत होते, गाडी पकडायची होती, बघितलं नाही, बघितलं म्हणून सांगितलं. रामसिंग ऐकत होता. मध्येच एकदा त्याने डाव्या हाताने उजवा हात झाकून घेतला. त्याची बायको झोपडीच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मग त्याने एवढंच विचारलं, “आता नाही ना होणार चालू, आपली आपली?”

“नाही,” मी लगेच म्हणाले. “आम्ही सगळं दुरुस्त केलंय.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सर उठले.

“रामसिंग, हिच्यावर भरवसा ठेवू नको,” ते म्हणाले. “माझ्यावरही नको. इकडे ये.”

त्यांनी विहिरीजवळच्या खोलीतली स्टार्टरची पेटी उघडली. आत चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज होते. ते कसे ओढायचे, ओढताना बोटं कुठे धरायची, हे त्यांनी एकदा स्वतः करून दाखवलं. फ्यूज रामसिंगच्या हातात दिले.

“मोटारीला हात लावायच्या आधी हे काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. पेटीवर नाही ठेवायचे, मालकाकडे नाही द्यायचे. हे तुझ्या खिशात असले, की जगातला कोणीही ही मोटार चालू करू शकत नाही. मी नाही, ही नाही, मोबाईल नाही.”

सरांनी फ्यूज परत बसवले आणि बाजूला झाले. रामसिंगने डाव्या हाताने पहिला ओढला. तो निसटला. पुन्हा धरला. तिन्ही काढून त्याने सदऱ्याच्या खिशात टाकले आणि वरून गुंडी लावली. मग, आम्ही कोणी सांगितलेलं नसताना, मोटार चालू करायचं हिरवं बटण दाबलं. मोटारीकडे बघत थांबला. पुन्हा एकदा दाबलं, या वेळी जोरात आणि बराच वेळ. काहीच झालं नाही.

मग तो पाना घेऊन कपलिंगपाशी बसला. सैल राहिलेले बोल्ट आवळायला त्याला वेळ लागत होता. ऊन वर आलं होतं, सरांना उभं राहवत नव्हतं, तरी ते खिशाच्या त्या गुंडीवरची नजर काढेनात. शेवटचा बोल्ट आवळून रामसिंग उठेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.